फ्लॅटला वाड्याचा लूक देताय? आधी त्या जुन्या दरवाजाची गोष्ट वाचा

रील सुरू होते. लिफ्टचं दार उघडतं, अकराव्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. आत शिरल्यावर समोर जाडजूड सागवानी दरवाजा दिसतो, पितळी कड्यांसकट. पण तो भिंतीत नाही. आडवा पाडून, वर काच टाकून त्याचं डायनिंग टेबल केलंय. कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्यात मनी प्लांट. सोफ्याशेजारी जातं, त्यावर कॉफीचा मग. छताला लाकडी तुळया, मधोमध झोपाळा आणि मागे बासरी वाजतेय. खाली कमेंट्सचा पाऊस. आजोळची आठवण आली, आमची ओसरी अशीच होती, टोटल खर्च किती, इंटेरिअरवाल्याचा नंबर द्या.

हा दरवाजा आधी कुठे होता, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही.

शंभर वर्षं जुना दरवाजा ऑर्डर देऊन बनवता येत नाही. तो कुठल्यातरी घरातून निघावा लागतो. आणि ज्या घराचा मुख्य दरवाजा चौकटीसकट निघतो, ते घर बहुतेक वेळा पाडायला काढलेलं असतं. म्हणजे एकीकडे शहरात गावाकडच्या घराची हौस वाढतेय आणि दुसरीकडे तीच हौस भागवायला गावाकडची घरं सुटी होऊन बाजारात येतायत. आता याचा अर्थ जुनी वस्तू घेणं पाप आहे असा नाही. पण काय घ्यायचं, काय नवं करून घ्यायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, हे कळायला ती घरं मुळात कशी होती ते बघावं लागतं.

वाडा लूक म्हणजे नेमकं कुणाचं घर?

इंटेरिअरच्या भाषेत वाडा ही एक थीम आहे. कोकणातला जांभा, पुण्याची तुळई, दक्षिणेतल्या रंगीत फरश्या आणि राजस्थानी झरोका, सगळं एकाच हॉलमध्ये. दिसायला छान दिसतंही. प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रात जुनं घर नावाची एकच गोष्ट कधीच नव्हती.

पुण्या-साताऱ्याकडचा वाडा म्हणजे दिंडी दरवाजा, आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी किंवा सोपा, मागे माजघर, वर माडी. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे गेलात की कौलं गायब होतात आणि माळवद येतं. लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छप्पर. वर पाऊस कमी आणि ऊन जास्त, त्यामुळे उताराची गरज नाही पण जाडीची आहे. तिथे दारातून आत गेल्यावर ढाळज लागते. कोकणात बरोबर उलटं. चार महिने पाऊस झोडपतो म्हणून तीव्र उताराची कौलं, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे पडवी, मागे पडवी.

साहित्य साधारण पंचक्रोशीतलंच असायचं. अगदी पेशव्यांच्या शनिवारवाड्याचंही तेच. १७३० साली पायाभरणी झाली तेव्हा सागवान आलं जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून. आज जे आपल्याला रस्टिक वाटतं, ते तेव्हा फक्त जवळ मिळणारं आणि परवडणारं साहित्य होतं.

आणि परवडणं हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कारण सगळ्यांचे आजोबा वाड्यात राहत नव्हते. वाडा होता इनामदाराचा, सावकाराचा, पाटलाचा. गावातल्या बाकीच्या लोकांची घरं कुडाची होती. कारव्या किंवा काटक्यांची भिंत, तिला माती-शेणाचा लेप, वर गवत नाहीतर पाचट. गावाबाहेरच्या वस्तीत तर तेही दर पावसाळ्यात नव्यानं उभं करावं लागायचं. त्यांचे दरवाजे आज अँटिक बाजारात नाहीत, कारण टिकतील असे दरवाजे त्यांना कधी मिळालेच नाहीत. गावाकडचा फील म्हणताना रीलमध्ये दिसतं ते गावातल्या मोजक्या घरांचं रूप असतं, एवढं लक्षात असलेलं बरं.

बर्मा टीक आणि रत्नागिरीतला राजा

जुन्या लाकडाच्या दुकानात गेलात की एक शब्द हमखास कानावर पडतो. साहेब, अस्सल बर्मा टीक आहे. कधीकधी हे खरंही असतं. विशेषतः मुंबईतल्या जुन्या चाळी, पारशी बंगले, गिरगाव-दादरच्या इमारती यांच्यात ब्रह्मदेशातून आलेलं सागवान भरपूर वापरलं गेलं.

ते इथे आलं कसं, याची गोष्ट थेट महाराष्ट्रात येऊन संपते. १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी सुरू झाली आणि ब्रह्मदेशातलं सागवान तोडून विकण्याच्या धंद्यात मोठी झाली. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजदरबारानं कंपनीवर आरोप केला की तोडलेले ओंडके आणि भरलेला पैसा यांचा मेळ बसत नाही, आणि जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फौजा मंडालेवर चालून गेल्या. काही दिवसांत राज्य संपलं आणि थिबा राजा व त्याच्या राणीला कैद करून आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवलं.

१९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, तोच आजचा थिबा पॅलेस. १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. लढाईमागे फक्त लाकूड होतं असं नाही, फ्रान्सशी स्पर्धा आणि साम्राज्याचं राजकारणही होतं. पण ठिणगी पडली ती सागवानाच्या हिशेबावरून.

अर्थात जुनं ते सगळं बर्मा नसतं. पश्चिम घाटाच्या उतारावर आणि विदर्भात सागवान होतंच. गावाकडच्या घरात बहुतेक करून स्थानिक सागवान असायचं, आणि ते न परवडणाऱ्या घरात आंबा, बाभूळ, फणस, ऐन असं मिळेल ते. तेव्हा आतल्या खेड्यातल्या माळवदाच्या घरातून निघालेला दरवाजा बर्मा टीक म्हणून विकला जात असेल, तर तो फक्त भाव वाढवायचा शब्द असण्याची शक्यताच जास्त.

कौलांचंही असंच. मंगलोरी कौल म्हणजे अगदी पारंपरिक, असं आपण धरून चालतो. पण १८६५ मध्ये बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी मंगलोरला कारखाना काढला आणि तिथून ही साच्यातली कौलं किनाऱ्यावर पसरली. त्याआधी गावचा कुंभार चाकावर नळीची कौलं करायचा. म्हणजे जिच्याकडे बघून जुन्या काळाची आठवण येते, ती वस्तू एकेकाळी नवा कारखानी माल होती आणि तिनं कुंभाराचं एक काम हिरावलं होतं.

वाडे पडले कसे?

यात इंटेरिअरवाल्यांचा किंवा रील बघणाऱ्यांचा दोष शून्य आहे. वाडे त्याच्या खूप आधीपासून पडतायत.

पुण्याचं बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. वाड्याची भिंत खाली दगडाची आणि वर बहुतेकदा मातीच्या विटांची. दगड टिकला, वरची माती भिजून बसली. कित्येक वाडे त्या एका दिवसात गेले.

उरलेल्यांचं दुखणं वेगळं होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना आधार मिळाला, जो त्या काळात गरजेचाही होता. पण वर्षानुवर्षं तेच तुटपुंजं भाडं घेणारा मालक कौलं कशाला फेरेल आणि सडलेली तुळई कशाला बदलेल? नवा भाडे कायदा २००० मध्ये लागू झाला, तोवर बऱ्याच वाड्यांचं काही उरलेलं नव्हतं. शिवाय त्या जागेवर सहा मजले चढवता येतात म्हटल्यावर बिल्डर, भाडेकरू आणि मालक तिघांचंही पाडण्यावर एकमत झालं. मोरी-संडास सामाईक असलेल्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या भाडेकरूला वाडा वाचवा म्हणणं तसं सोपं असतं, तिथे राहायचं नसेल तर.

गावाकडे बिल्डर नसतो, तिथे वारस असतात. आजोबांच्या नावावरचं घर, पाच मुलं, त्यांची बारा मुलं, सातबाऱ्यावर आणि गावठाणाच्या उताऱ्यावर नावांची रांग. एकजण मुंबईत, एक पुण्यात, एक परदेशात. घर कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे. कौलारू घराचं एक असतं, ते वरून मरायला लागतं. माकडानं चार कौलं हलवली, पावसाळ्याआधी कुणी फेरली नाहीत, पाणी वाशावर पडलं. वासा कुजला, मग भिंतीचं डोकं भिजलं. दोन-तीन पावसाळ्यांत मधली भिंत बसते. मग गावातून फोन येतो की घर धोकादायक झालंय, एक माणूस लाकूड घ्यायला तयार आहे, काय करायचं?

इथे व्यवहार होतो. घरमालकाला लाकडाचा भाव मिळतो, कारण त्याच्या दृष्टीनं ते पडक्या घराचं लाकूड असतं. पुढे तेच लाकूड दोन-तीन हातांतून शहरात पोचतं तेव्हा त्याला अँटिकचा भाव येतो. मधला फरक कुणाच्या खिशात जातो हे सांगायला नको.

आणि वाड्याच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. बहुतेक वाड्यांत भार भिंतींवर नसतो, तो लाकडाच्या सांगाड्यावर असतो. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटावर माती. भिंती फक्त मधली जागा भरतात. घराचं मापही खणात सांगायचे, खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. त्यामुळे एखाद्या वाड्यातून कपाट, झोपाळा, दिवा विकला तर वाडा उभा राहतो. खांब आणि तुळया विकल्या की वाडा संपला. म्हणूनच दुकानात कोरीव खांबांची जोडी दिसली, तर ती कुठल्यातरी संपलेल्या घराची आहे हे जवळजवळ नक्की समजावं.

असंच चित्र तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचं आहे. ब्रह्मदेशात सावकारी करणाऱ्या चेट्टियार कुटुंबांनी तिथल्या सागवानाचे खांब आणून प्रचंड हवेल्या बांधल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातला धंदा बुडाला, कुटुंबं पांगली, आणि हवेल्या सुट्या भागांत विकल्या जाऊ लागल्या. कारैकुडीत जुन्या वस्तूंची दुकानांची अख्खी गल्लीच आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिसणारे बरेचसे गुळगुळीत गोल खांब आणि मुलामा दिलेली तसबीर तिकडची असते, वाड्याची नाही.

खरं जुनं की मुद्दाम जुनं केलेलं?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार आहे, ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरची दुकानं आहेत. तिथे अस्सल माल असतोच. पण जोधपूरहून येणारा नवा माल त्याहून जास्त असतो. आंबा, शिसम, बाभळीचं नवं लाकूड घ्यायचं, साखळीनं ठोकायचं, रंग लावून घासायचा, की शंभर वर्षं जुनं तयार. यात वाईट काही नाही, उलट कुठलं घर मोडत नाही. फक्त पैसे नव्याचे द्यायचे, जुन्याचे नाही.

ओळखायचं कसं? जुना दरवाजा बघताना आधी मागची बाजू बघा. पुढून सगळेच सजवतात. मागे वाकसानं तासल्याच्या उंचसखल खुणा असतील तर हातकाम आहे, मशीनच्या करवतीच्या सरळ एकसारख्या रेषा असतील तर नाही. खूप जुन्या दरवाजांना बिजागऱ्या नसतात. फळीच्याच वर-खाली काढलेल्या खुंट्यांवर दार चौकटीतल्या खोबणीत फिरतं. खिळे लोहारानं ठोकलेले, डोकी वेडीवाकडी. आणि झीज कुठे आहे ते बघा. कडीच्या आसपास हात लागून, खाली पाय लागून लाकूड गुळगुळीत होतं, वरचा कोपरा मात्र कोराच राहतो. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती पॉलिश पेपरची आहे.

अजून एक प्रॅक्टिकल अडचण. जुने दरवाजे बुटके असतात. पाच-साडेपाच फूट उंची, खाली उंच उंबरठा, वाकूनच आत जायचं. फ्लॅटच्या दाराची उंची साधारण सात फूट. म्हणून तर इतके दरवाजे टेबल, पलंगाची पाठ नाहीतर आरशाची चौकट होतात. दार म्हणून ते बसतच नाहीत.

घरी आणल्यावर काय होतं, ते दुकानदार सांगत नाही

यातली सगळ्यात गंभीर गोष्ट आधी. जुन्या दरवाजावर ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतात. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल ऑइलपेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता भरपूर. तो रंग नुसता भिंतीवर असताना फार त्रास देत नाही. पण बाल्कनीत बसून सुतार मशीननं तो घासतो तेव्हा त्याची धूळ घरभर होते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. तेव्हा रंग काढायचा असेल तर घराबाहेर, कोरडं न घासता ओलं करून, मास्क लावून, आणि घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर त्यांच्यापासून लांब. सोलवटलेल्या रंगाचा तो लूक तसाच ठेवायचाय आणि घरात रांगतं मूल आहे, तर सरळ तो नाद सोडा.

दुसरं, कीड. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण बाहेरच्या पांढऱ्या भागाला आणि आंब्यासारख्या लाकडाला भुंगा पोखरतो. वस्तूखाली पिठासारखा बारीक भुगा पडत असेल तर आत किडे जिवंत आहेत. तो दरवाजा घरात आला की पाहुणे शेजारच्या प्लायवूडच्या कपाटातही जातात. आणण्याआधी औषध मारून घ्या, नंतर नाही.

तिसरं, वजन. राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून डिझाइन केलेला असतो. एक जातं ठेवल्यानं काही होत नाही. पण दगडी उखळ, दगडी तळखड्याचे खांब, अखंड दगडाची डोणी असं एका कोपऱ्यात जमवायचं असेल, किंवा छताला खऱ्या तुळया टांगायच्या असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. झोपाळ्याचंही तेच. हुक स्लॅबमध्ये असला पाहिजे, फॉल्स सीलिंगमध्ये नाही. हे वाचून हसू येईल, पण असे झोपाळे लागतात.

पितळी-तांब्याच्या भांड्यांचं मात्र सगळ्यांना माहिती असूनही विसरतात. शोपीस म्हणून ठेवायचं तर काहीच प्रश्न नाही. त्यात आमटी, ताक, चिंचेचं सार करायचं असेल तर आतून कल्हई हवी. आंबट पदार्थ तांब्या-पितळेशी लागला की कळकतो. कल्हई म्हणजे भांडं तापवून, नवसागर टाकून आतून कथलाचा पातळ थर देणं. तो झिजला की पुन्हा द्यावा लागतो, आणि तो देणारा माणूस आता गल्लीत आरोळी देत फिरत नाही, शोधावा लागतो.

आणि जातं. ते सोफ्याशेजारी छानच दिसतं. पण पहाटे उठून त्यावर रोजचं दळण दळणाऱ्या बाईला ते छान वाटत असेल का, हा प्रश्न उरतो. त्या बायकांनी दळताना ओव्या रचल्या, त्यात सासर, माहेर, दुष्काळ, नवऱ्याचा मार सगळं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आज त्या पारी या वेबसाइटवर ऐकता येतात. घरात जातं असेल तर एकदा ऐकाच.

मग करायचं काय? वस्तू नको, काम जुनं करा

जुन्या घरांचं सौंदर्य खरं तर वस्तूंत कमी आणि पद्धतीत जास्त होतं. आणि पद्धत नव्यानं करता येते, तिच्यासाठी कुणाचा वाडा पडावा लागत नाही.

चुन्यापासून सुरुवात करा. चुनखडी भाजून, पाण्यात विझवून केलेला चुना भिंतीला लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. अशी भिंत बाष्प आत-बाहेर जाऊ देते. जुने लोक घाणीत बैल लावून चुना मळायचे, त्यात गूळ, हिरडा घालायचे. आज तयार लाइम प्लास्टर मिळतं. फक्त आधीच्या प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही, रंग पूर्ण खरवडावा लागतो. इंटेरिअरवाला थेट रंगावर मारून देतो म्हणाला तर सहा महिन्यांत पोपडे तुमचेच.

फरशीला पर्याय भरपूर. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादहून येते, कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याहून, दोन्ही चुनखडीचेच दगड. एकेकाळी स्वस्त म्हणून बाथरूमला आणि ओट्याला लावायचे आणि पैसे आले की लोक ते काढून चकचकीत टाइल्स लावायचे. आता तेच पैसे देऊन परत लावतायत. एक सांभाळा, लिंबू किंवा ॲसिडनं या दगडावर डाग पडतात. जुन्या मुंबईतल्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या आवडत असतील तर त्या आजही बनतात. इंग्लंडहून येणाऱ्या टाइल्सना स्वदेशी पर्याय म्हणून १९२२ मध्ये सुरू झालेली भारत टाइल्स अजून त्या करते. तमिळनाडूच्या आतंगुडी गावात तर काचेवर रंग ओतून, हातानं, भट्टीशिवाय फरश्या होतात.

भिंतीवर काही हवं असेल तर कोकण-गोव्यातली कावी कला बघा. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असताना कोरून खालचा पांढरा दाखवायचा. जुन्या देवळांच्या भिंतींवर ती आहे. हे करणारे हात आता मोजके आहेत, आणि अशा हातांना कामच लागतं. चोरबाजारातला खांब घेऊन तो सुतार परत जिवंत होत नाही, नवा खांब करायला दिला तर त्याच्या मुलाला निदान कारण मिळतं.

आणि प्रकाशाचा विचार करा. वाड्यातल्या खोल्या अंधाऱ्या असायच्या, पण मधोमध चौक होता, उजेड तिथून यायचा. फ्लॅटला चौक नाही. दहा बाय बाराच्या खोलीत गडद लाकूड, गडद छत आणि पिवळे दिवे केले की फोटो भारी येतो, राहणाऱ्याला मात्र दिवसा दिवा लावावा लागतो. छताची उंची साडेनऊ फूट, त्यात तुळया खाली आणल्या तर पंखा कुठे लावणार?

घरातलंच जुनं असेल तर?

आपल्याच आजोबांच्या घरातला दरवाजा आणावा वाटणं सगळ्यात साहजिक. घर पडलंच असेल तर आणावाच, भंगारात जाण्यापेक्षा चांगलं. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय अशाच वस्तूंतून उभं राहिलं. दिनकर केळकरांनी दरवाजे, दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वापरातल्या गोष्टी जमवल्या, कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा तिथे आणून उभा केला.

घर अजून उभं असेल तर मात्र घाई करू नका. वाटणीची भांडणं चालू राहतील, तोवर पावसाळ्याआधी कौलं फेरून घ्यायला पाच भावांत फार पैसे लागत नाहीत. विकायचंच ठरलं तर आधी खोल्यांची मापं घ्या, प्रत्येक दाराचा, कोनाड्याचा, गणेशपट्टीचा फोटो काढा, आणि गावात येणाऱ्या पहिल्या माणसाला नाही, तर दोन-तीन जणांना भाव विचारा. लाकूड घनफुटानं आणि दरवाजा नग म्हणून, हे दोन्ही भाव वेगळे असतात.

आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी एक कायद्याची गोष्ट. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष म्हटलंय आणि इमारतीपासून वेगळी केलेली वस्तूही त्या व्याख्येत येते. म्हणजे आजोबांच्या घराचा सव्वाशे वर्षांचा कोरीव दरवाजा तुमच्या मालकीचा असला तरी कंटेनरमध्ये घालून न्यू जर्सीला नेता येत नाही. खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेण्याची परवानगीच नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पुरावशेषांचा धंदा करणाऱ्या दुकानदारालाही परवाना लागतो. म्हणून दुकानदार छाती ठोकून दीडशे वर्षं जुना आहे म्हणाला, की तेच वर्ष पावतीवर लिहून मागा. दरवाजा अचानक साठ-सत्तर वर्षांचा होतो आणि भावही थोडा खाली येतो.